चिठ्ठीत आलेली बाजू

शाळेच्या वादविवाद संघाची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांमध्ये दोन तट आहेत. एक तट म्हणतो, मुलाला आधी बोलतं करा, मनातलं बोलू द्या, युक्तिवादाच्या खाचाखोचा ते कॉलेजात शिकेल. दुसरा म्हणतो, आठवी-नववीतच त्या शिकवल्या नाहीत तर मूल आयुष्यभर टाळ्यांची वाक्यं फेकत राहील. दोन्हीकडची माणसं शाळा सुटल्यावर तास न् तास थांबतात, पदरच्या पैशांनी मुलांना वडापाव खायला घालतात आणि संघ उभा करतात. म्हणून त्यांचं भांडण मला महत्त्वाचं वाटतं. स्टाफरूममध्ये, परीक्षकांच्या खोलीत, स्पर्धेहून परतताना एसटीत मी ते ऐकत आले आहे. इथे ते दोन माणसांच्या तोंडी घातलं आहे. बाई मराठी शिकवतात, निवृत्तीला आल्या आहेत. सर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतात. कॉलेजात असताना त्यांनी मराठी आणि इंग्रजी, दोन्ही वादविवाद गाजवले. या वर्षीचा विषय आहे : ‘पाचवी आणि आठवीत नापास करणे विद्यार्थ्यांच्या हिताचे आहे.’

सर : बाई, कालच्या सरावाला मी मागे बसलो होतो. भाषणं छान झाली. पण आपल्या मुलांनी वाद घातला कुठे? बाजूने बोलणारी मुलगी बोलून खाली बसली, विरोधातला मुलगा उठला, आणि त्याच्या भाषणात तिच्या एकाही मुद्द्याला उत्तर नव्हतं. ती पूर्ण वेगळं काही बोलली असती, तरी त्याचं भाषण अक्षर न् अक्षर तेच राहिलं असतं.

बाई : राहणारच. स्पर्धेचा नियमच तसा असतो. शाळेची दोन मुलं, एक अनुकूल, एक प्रतिकूल. प्रत्येकी पाच मिनिटं, चौथ्या मिनिटाला पहिली घंटा. दोघांचे गुण मिळून फिरता करंडक. तीस शाळा आल्या तर साठ भाषणं. कोण कोणाला उत्तर देणार?

सर : मग त्याला वक्तृत्व म्हणावं. आपल्या भाषेत समोरासमोरच्या वादाची रीत नव्हती असंही नाही. १८५७ च्या सुरुवातीला विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. सवाल, जबाब, पुन्हा सवाल. लोक गर्दी करून ऐकत. दोन्ही बाजूंनी त्याचे वृत्तांत पुस्तकरूपाने छापले. आणि आज आपण मुलाला पाठ केलेला कागद देऊन उभं करतो.

बाई : कागद मीच लिहून देते असं म्हणायचंय का तुम्हाला?

सर : तुम्ही नाही. पण कितीतरी शाळांत शिक्षकच लिहून देतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

बाई : माहीत आहे, आणि त्याची मला चीड येते. माझी मुलं स्वतः लिहितात. कच्चं लिहितात, पण स्वतः. आता माझी बाजू ऐका. आपल्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांच्या घरी कोणी मोठ्या आवाजात बोललं तर ते भांडणच असतं. अशा घरातली मुलगी दोनशे माणसांसमोर उभी राहते, हात थरथरत नाहीत, पाच मिनिटं स्वतःचं मत सांगते. तिला मी श्वास कुठे घ्यायचा, मागच्या रांगेतल्या माणसाकडे कसं बघायचं, वाक्य कुठे संपवायचं, एवढं शिकवते. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणाली तर मुद्दा पूर्ण होईपर्यंत मी तिला टोकत नाही. एवढं झालं तरी वर्ष सार्थकी लागलं असं मला वाटतं. त्यावर तुम्ही आणखी तर्कशास्त्र लादलंत तर ती पुन्हा गप्प होईल.

सर : ती गप्प का होते ते कालच दिसलं. मी तिला एकच प्रश्न विचारला आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या भाषणातलं सगळ्यात जोरदार वाक्य कोणतं? आठवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना भागाकार येत नाही, म्हणून त्यांना वरच्या वर्गात ढकलणं थांबवा. आकडा तिने शोधून काढलाय, कौतुक आहे. २०१८ च्या ‘असर’ अहवालात आठवीच्या साधारण ४४ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. पण ते सर्वेक्षण ग्रामीण भारताचं आहे, घरोघरी जाऊन केलेलं. ती म्हणाली ‘देशातल्या मुलांना’. विरोधातला हुशार मुलगा असता तर त्याने इथेच तिला पकडलं असतं.

बाई : हे तिला सांगायला हवं. ते खरेपणाचं आहे, डावपेचाचं नाही.

सर : आता पुढचं. समजा आकडा तंतोतंत बरोबर आहे. तरी भागाकार येत नाही यावरून नापास करावं हे कसं निघतं? मधली एक पायरी गळाली आहे. नापास झालेला मुलगा त्याच वर्गात, त्याच पुस्तकातून, बहुधा त्याच शिक्षकाकडे, त्याच पद्धतीने पुन्हा वर्षभर बसेल. मग दुसऱ्या वर्षी त्याला भागाकार येईल, हे तिला दाखवावं लागेल. सगळा वाद त्या न बोललेल्या पायरीवर उभा आहे, आणि ती पायरी तिला दिसलीच नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ च्या पुस्तकात हेच उलगडून दाखवलं : दावा वेगळा, पुरावा वेगळा, आणि पुराव्यावरून दाव्यावर जायला मुभा देणारं तत्त्व वेगळं. माझा पहिला धडा एवढाच असतो. प्रत्येक ‘म्हणून’च्या आधी थांबायचं आणि विचारायचं, कशावरून?

बाई : यासाठी टूलमिनपर्यंत कशाला जायचं? न्यायदर्शनात हे आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. पण हे तेव्हाच टिकतं जेव्हा धूर अग्नीशिवाय कुठेच नसतो. स्वयंपाकघरात आहे, तळ्यात नाही. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. त्या तिसऱ्या पायरीत नुसतं उदाहरण द्यायचं नसतं, जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी हा नियम सांगायचा असतो.

सर : मग हेच मुलांना शिकवूया ना! तुमच्या शब्दांत शिकवा. ‘जिथे जिथे नापास केलं तिथे तिथे मूल शिकलं’, हा तिचा न सांगितलेला नियम. त्याला अपवाद निघतो का ते तिनेच शोधायचं.

बाई : अपवाद मीच सांगते. इतक्या वर्षांत मी नापास होऊन सुधारलेली मुलंही पाहिली आहेत आणि नापास झाल्या दिवसापासून शाळेत न आलेलीही. मुलगी असेल तर घराला ‘आता पुरे’ म्हणायला निमित्त मिळतं. पण सर, यात मला शिकवण्यासारखं जे वाटतं ते म्हणजे त्या मुलीची गोष्ट. पुराव्याची साखळी नव्हे. ती गोष्ट सांगितली की सभागृह हलतं.

सर : हलतं, आणि दुसऱ्या बाजूने सुधारलेल्या मुलाची गोष्ट सांगितली की पुन्हा हलतं. मग ठरवायचं कसं? तिथे तोलणं शिकवावं लागतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत असं धरून सांगायचं, कोणती जास्त मुलांच्या बाबतीत घडते, कोणती जास्त खोल दुखावते, आणि कोणती पुन्हा दुरुस्त करता येत नाही. नववीत कच्च्या राहिलेल्या मुलाला जादा तास देता येतात. शाळा सुटलेल्या मुलीला परत आणणं फार अवघड. विरोधात बोलणाऱ्या मुलाने हे मांडलं तर त्याची बाजू एकदम भक्कम होते.

बाई : आणि अनुकूल बाजू?

सर : ती म्हणेल, तुम्ही शाळागळती फक्त पुढे ढकलता. न शिकता नववीपर्यंत आलेली मुलगी दहावीला आपटणार, आणि तेव्हा ती सोळा वर्षांची असेल, तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतील. पाचवीत, दहा-अकरा वर्षांची असताना कळलं असतं तर हातात वेळ होता. शिवाय कायदा काय म्हणतो ते ती नीट सांगेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ ने आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायला बंदी केली होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत परीक्षा आणली, पण नापास झालेल्याला जादा शिकवणी आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा द्यायलाच हवी असं म्हटलं. त्यानंतरही जमलं नाही तरच त्याच वर्गात ठेवायचं की नाही हे राज्याने ठरवायचं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्याप्रमाणे नियम बदलले. म्हणजे आज ‘नापास’ याचा अर्थ थेट वर्ष वाया असा नाही, मध्ये एक दार आहे. हे ज्या मुलीला माहीत आहे ती विरोधकाला विचारेल : तुमचा आक्षेप नापास करण्याला आहे, की ते दोन महिने नीट न वापरण्याला?

बाई : हा प्रश्न चांगला आहे. प्रामाणिक आहे. मला भीती वाटते ती वेगळ्या प्रश्नांची. तुम्ही परवा पोरांना एक दुधारी प्रश्न शिकवलात. मी दारात उभी होते.

सर : हो. मूल नापास झालं तर एक तर त्याने अभ्यास केला नाही, नाहीतर शाळेने शिकवलं नाही. अभ्यास केला नसेल तर दहा वर्षांच्या पोराला एकट्याला जबाबदार कसं धरता? आणि शाळेने शिकवलं नसेल तर शिक्षा मुलाला का? दोन्हीकडून पकडलं जातं.

बाई : आणि बीडची मुलं कुठे गेली? ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली? दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर कारखान्याच्या भागात जातात, गाळप संपल्यावर परततात. तिथे शाळेची सोय असली तर असते, नसली तर नसते. त्या मुलाने अभ्यास टाळला नाही, गावच्या शाळेनेही शिकवायचं नाकारलं नाही. तो त्या दिवसांत उसाच्या फडात होता. तुमच्या चकचकीत प्रश्नात त्याला जागाच नाही. समोरचा मुलगा गोंधळला, सगळे हसले, तुम्हाला गुण मिळाले. पण ज्याच्या हिताचा विषय होता तोच त्या प्रश्नाने पुसला गेला. मला डावपेच आवडत नाहीत ते यासाठी.

सर : हे मान्य. पूर्ण मान्य. पण तुम्ही आत्ता जे केलंत तेच मला शिकवायचंय. दोनच वाटा आहेत असं कोणी म्हणालं की तिसरी शोधायची. ज्या मुलाला असा प्रश्न रचता येतो, त्यालाच तो फोडताही येतो. ज्याला माहीतच नाही तो स्पर्धेतच नव्हे, पुढे प्रत्येक निवडणुकीत, प्रत्येक जाहिरातीपुढे असाच गोंधळेल.

बाई : गौतमाने न्यायसूत्रांत वादाचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य कळावं म्हणून चालतो तो वाद. जिंकावं म्हणून चालतो तो जल्प, त्यात छल, जाती, निग्रहस्थानं सगळं चालतं. आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त दुसऱ्याची पाडायची ती वितंडा. आपण पोरांना यातलं काय शिकवतोय ते आधी ठरवा.

सर : त्याच ग्रंथात पुढे काय म्हटलंय तेही सांगा ना बाई. कोवळा अंकुर जनावरांनी खाऊ नये म्हणून भोवती काटेरी फांद्या लावतात, तसे जल्प आणि वितंडा सत्याच्या रक्षणासाठी आहेत. म्हणजे त्यांचा उपयोग त्यांनी नाकारला नाही.

बाई : कुंपण शेतासाठी असतं, हे त्यांना सांगावं लागलं कारण कुंपणाने शेत खाल्लेलं त्यांनी पाहिलं असणार. ‘नव’ म्हणजे नवा कांबळा पांघरून आलेल्या माणसाला, त्या ‘नव’चा अर्थ मुद्दाम नऊ असा घेऊन, ‘तुझ्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत’ असं विचारून हरवणं, हे छलाचं जुनं उदाहरण आहे. आपल्या स्पर्धांत मी हे दर वर्षी ऐकते. समोरच्याने सरळ अर्थाने वापरलेला शब्द पकडायचा, वाकवायचा आणि टाळ्या घ्यायच्या. तुम्ही छल ओळखायला शिकवा, माझी ना नाही. पण आपल्या मुलाने केला तर गुण कापा. सरावातसुद्धा.

सर : कापतो. वचन देतो.

इथे मला मध्ये बोलावंसं वाटतं. परीक्षक म्हणून मी ज्या खुर्च्यांवर बसले तिथल्या गुणपत्रिकांवर साधारण सारखेच रकाने होते : विषयाची मांडणी, भाषा, उच्चार, आवेश, एकूण परिणाम. आधीच्या वक्त्याला दिलेल्या उत्तराचा रकाना फार क्वचित दिसला. त्यामुळे शेराने सुरुवात आणि एखाद्या थोर माणसाच्या सुविचाराने शेवट करणारं भाषण वर जातं, आणि चाचरत, थांबत, पण समोरच्याचा मुद्दा बरोबर उचलणारी मुलगी उत्तेजनार्थवर राहते. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेत संघाचे तीन वक्ते असतात, प्रत्येकाला आठ मिनिटं मिळतात, पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या काळात विरोधी संघ उठून प्रश्न विचारू शकतो. गुणांची विभागणी आशयाला ४०, शैलीला ४० आणि डावपेचांना २० अशी असते. तिथे ‘डावपेच’ म्हणजे खोड्या नव्हेत. वेळ कुठे खर्च केला, कोणत्या मुद्द्याला आधी हात घातला, वादाचा कणा ओळखला का, हे त्यात मोजतात. तिथली भाषा इंग्रजी आहे आणि तिथवर पोचायला लागणारी तयारी आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांच्या आवाक्यात नाही. पण एक रकाना वाढवायला पैसे लागत नाहीत. तालुक्याच्या स्पर्धेत ‘खंडन : २० गुण’ एवढं छापलं, तर पुढच्या वर्षीपासून शिक्षक ते शिकवू लागतील. सर आणि बाई दोघांनाही जे हवं आहे त्याची सुरुवात मला तिथे दिसते.

बाई : खंडन शिकवायचं म्हणता, तर कसं शिकवता तेही सांगा. सिद्धांत पुरे.

सर : वहीचं पान उभं दुमडायचं. डावीकडे समोरच्याचं म्हणणं, एका ओळीत एक मुद्दा. उजवीकडे आपलं उत्तर. उजवीकडे जागा रिकामी राहिली तर ती लपवायची नाही, तिथे गोल करायचा. बोलायला उठल्यावर आधी गोल केलेल्या मुद्द्याकडे जायचं.

बाई : सगळे उलट करतात. सोपा मुद्दा आधी फोडतात.

सर : म्हणून तर हरतात. दुसरी कसरत मला सगळ्यात प्रिय आहे. उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा एका मिनिटात असा सांगायचा की तो स्वतः म्हणाला पाहिजे, ‘हो, मला हेच म्हणायचं होतं, आणि तू ते माझ्यापेक्षा बरं सांगितलंस.’ तो तसं म्हणत नाही तोवर खंडनाला परवानगी नाही. पहिल्या आठवड्यात कोणालाच जमत नाही. मुलं समोरच्याचं ऐकतच नसतात, स्वतःचं पुढचं वाक्य मनात घोळवत असतात.

बाई : पूर्वपक्ष. आपल्या शास्त्रकारांनी दुसऱ्याचं मत इतकं नीट लिहून ठेवलं की काही मतं आज आपल्याला केवळ त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून कळतात. चार्वाकांचंच बघा ना, त्यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते बरंचसं त्यांना खोडून काढणाऱ्यांनी लिहिलेलं.

सर : डार्विन यांनी आत्मचरित्रात लिहिलंय की आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की ते ती ताबडतोब टिपून ठेवत, कारण अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात. तो गोल मी त्यासाठीच करायला लावतो. आणि याहून जवळचं उदाहरण आहे. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं, भाषणातला मजकूर पाहून अधिवेशनच रद्द केलं. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केलं? गांधीजींची टीका आपल्याच पुस्तकात परिशिष्ट म्हणून छापली आणि तिच्यापुढे आपलं उत्तर ठेवलं. वाचकाने दोन्ही वाचावं आणि ठरवावं. आपल्या म्हणण्यावर एवढा विश्वास असलेला माणूसच विरोधकाला आपल्या पुस्तकात जागा देतो. मुलांना मला हा विश्वास शिकवायचाय.

बाई : आता तुम्ही माझ्याच मुद्द्यावर आलात. बाबासाहेबांनी ते केलं कारण त्यांचं म्हणणं त्यांचं होतं. जन्मभर भोगलेलं, अभ्यासलेलं. चिठ्ठी उचलून त्यांच्या वाट्याला ती बाजू आली नव्हती. आणि तुम्ही काय करता? सकाळी चिठ्ठी टाकता. ज्याला वाटतं नापास करू नये, त्याला ‘नापास करावे’ आलं तर तो जीव ओतून ते बोलतो. दुपारी दुसऱ्या फेरीत उलट. चौदा वर्षांच्या मुलाला आपण सांगतो की तुला काय वाटतं याला महत्त्व नाही, दोन्ही सारख्याच जोरात बोलता आलं की झालं. याने श्रद्धा कशी तयार होईल?

सर : अमेरिकेत हा वाद फार गाजला होता. १९५४ मध्ये तिथल्या महाविद्यालयीन वादविवादाचा विषय होता, कम्युनिस्ट चीनला अमेरिकेने मान्यता द्यावी. तिथल्या लष्करी आणि नौदल अकादमींनी आपल्या विद्यार्थ्यांना त्या विषयात भागच घेऊ दिला नाही, कारण कोणाला तरी ‘द्यावी’ असं बोलावं लागलं असतं. मला सांगा बाई, मुलांनी विचारच करू नये असं कोणाला वाटत होतं?

बाई : माझं म्हणणं त्या अकादमींसारखं नाही. विचार करावा, दुसरी बाजू वाचावी, लिहावी, तुमच्या कसरतीत बोलूनही दाखवावी. पण सरावात समजून घेणं वेगळं, आणि व्यासपीठावर आपलं म्हणून गर्जून सांगणं वेगळं. रखमाबाईंचा खटला तुम्ही नववीला शिकवता ना?

सर : शिकवतो. बालपणी झालेलं लग्न तिने मानलं नाही, दादाजी भिकाजीने कोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल तिच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला, १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला, आणि तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढे इंग्लंडला जाऊन ती डॉक्टर झाली. त्या काळच्या विरोधकांची बाजू मी मुद्दाम शिकवतो. ते सगळे एकाच कारणाने विरोध करत नव्हते. कोणी धर्मशास्त्र सांगत होतं, कोणी परक्या सरकारने घरात हात घालू नये म्हणत होतं, कोणी विवाहसंस्थेची काळजी करत होतं. हे वेगळं करता आलं नाही तर रखमाबाई कशाकशाशी लढली ते मुलांना कळणारच नाही.

बाई : बरोबर. वर्गात शिकवाच. पण चिठ्ठी टाकून माझ्या वर्गातल्या मुलीला दादाजीची बाजू देऊ नका. तिच्या मामाच्या घरी आत्ता तिच्या लग्नाचा विषय निघत असेल, हे तुम्हाला ठाऊक नसतं. त्या बाजूने बोलून तिला करंडक मिळाला, तर आपण तिच्या हातात काय दिलं?

सर : ते मी करणार नाही. कोणाची माणुसकी, कोणाची जात, कोणाचं शरीर हा ज्याचा विषय असेल, तिथे चिठ्ठी नाही. पण नापास धोरण, मातृभाषेतलं शिक्षण, शाळेत मोबाइल, धरण की विस्थापन, इथे दोन्हीकडे समजूतदार माणसं आहेत. इथे चिठ्ठी हवीच. माझ्या अनुभवात मुलाची श्रद्धा त्याने ढिली होत नाही. पूर्वी जे त्याला आईबापांकडून मिळालं होतं ते तपासून त्याचं स्वतःचं होतं. आणि कधी बदलतं. बदललं तर बिघडलं काय?

बाई : काही बिघडत नाही. धरणाच्या विषयावर मात्र विस्थापिताच्या मुलाला चिठ्ठीत काय येईल?

सर : ...तिथे तुमचं बरोबर आहे. यादी विषयांची करून भागणार नाही. तो विषय कोणत्या मुलापुढे येतोय ते बघावं लागेल.

बाई : आणि ते शिक्षकाला दर वेळी कळत नाही. मूल सांगत नाही. म्हणून माझी अट अशी : कोणत्याही मुलाला चिठ्ठीत आलेली बाजू नाकारता आली पाहिजे, आणि तरी त्याची संघातली जागा राहिली पाहिजे.

सर : मग आळशी पोरं रोज नाकारतील. अवघड बाजू आली की ‘मला पटत नाही सर’. त्यांना कसं ओळखायचं?

बाई : नाकारणाऱ्याने एक पान लिहून द्यायचं. ज्या बाजूने बोलायचं नाही ती बाजू आधी पूर्ण मांडायची, तुमच्या त्या कसरतीसारखी, त्या बाजूच्या माणसाला पटेल अशी. मग आपण का बोलणार नाही ते लिहायचं. आळशी पोराला हे पान लिहिण्यापेक्षा भाषण सोपं वाटेल.

सर : एखाद्याला कारण कागदावर आणायचंच नसेल तर? विस्थापिताचा मुलगा म्हणाला, मला लिहायचंही नाही?

बाई : मग त्याने मला येऊन सांगावं, किंवा तुम्हाला. सांगायचंही नसेल तर नाही म्हणणं पुरे. ती सवलत वर्षातून एकदा, विनाप्रश्न.

सर : एकदा ठीक आहे. आणि बाकीची पानं तपासायची कोणी? मी तपासली तर मला वाटेल पोरगं पळतंय. तुम्ही तपासली तर तुम्ही आधीच त्याच्या बाजूच्या.

बाई : पहिला अर्धा भाग मी तपासते, दुसरी बाजू नीट मांडली का एवढंच बघून. कारणांचा भाग तुम्ही वाचा. उद्याच्या सरावाला सुरुवात करू. त्या भागाकाराच्या मुलीला आधी तो ग्रामीण शब्द घालायला सांगा.